फणसाडला जीपचा रस्ता नको, पायवाट पुरे

शनिवार-रविवारी रायगडमधल्या काशिदच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. किनाऱ्याच्या मागे जे हिरवे डोंगर दिसतात, ते फणसाड अभयारण्य. बहुतेक मंडळी त्याच्याकडे पाठ करून समुद्र बघतात आणि संध्याकाळी घरी जातात.

परवा आमच्या ग्रुपवर फणसाडचा विषय निघाला. एकाने लिहिलं, "जंगल चांगलंय, पण ताडोब्यासारखी जीप सफारी पाहिजे. चालून चालून काय दिसणार?" त्याच्याखाली बघता बघता अंगठ्यांची रांग लागली. तेव्हापासून अस्वस्थ आहे, म्हणून एवढं लांब लिहितेय.

ताडोबा वेगळं, फणसाड वेगळं. हे जंगल 50 चौरस किलोमीटरांहून थोडंसंच मोठं. पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं, 1986 साली अभयारण्य झालं. इथे वाघ नाही. बिबट्या आहे, पण तो तुम्हाला बघतो, तुम्ही त्याला नाही. मग आहे काय? पाणी आहे. डोंगरात जागोजागी जे पाणवठे आहेत त्यांना इथली माणसं 'गाण' म्हणतात. फणसाडची गाण, चिखलगाण. अभयारण्याला नाव मिळालं तेही यातल्याच एका गाणीवरून. मे महिन्यात सगळा माळ करपून गेलेला असतो, तेव्हा रान या पाण्यावर तगून राहतं.

काही वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला मी अशाच एका गाणीवर मचाणावर बसले होते. सोबत सुपेगावचे वाटाड्ये दादा. चढण्याआधीच त्यांनी बजावलं, "ताई, अत्तर-बित्तर काही नाही ना लावलं? आणि आता बोलायचं नाही. खोकला आला तर उपरणं तोंडात धरा." भाकरी-चटणी खाल्ली तीही कागदाचा आवाज न करता. चंद्र वर आला, पाणी चमकायला लागलं. मध्यरात्रीनंतर पलीकडच्या दरीतून भेकर, म्हणजे धोक्याची चाहूल लागली की ओरडणारं छोटं हरीण, भुंकलं. कुत्र्यासारखं, पण जास्त खरखरीत. एकदा, मग थांबून थांबून बऱ्याच वेळा. दादांनी फक्त माझ्या मनगटावर बोट ठेवलं. कोणीतरी चाललं होतं तिथून. दिसलं नाही. तासाभराने एक सांबराची मादी आली. पाण्यापासून दहा पावलांवर थांबली आणि कान हलवत उभीच राहिली. मी मनात शंभरापर्यंत मोजलं, तरी हलेना. मग एकेक पाय टाकत आली आणि प्यायली. तिच्या ओठांवरून पाण्याचे थेंब परत पाण्यात पडत होते, तो आवाज मचाणावर ऐकू येत होता. एवढी शांतता. त्या रात्री दूरवर इंजिनाची एक घरघर जरी झाली असती, तरी ती तहानलेली परत गेली असती.

सकाळी उतरताना शेकरू दिसलं. आपला राज्यप्राणी, आणि निम्म्या महाराष्ट्राने तो फक्त पुस्तकात पाहिलाय. मागच्या पायांनी फांदीला धरून उलटं लटकलं होतं आणि पुढच्या दोन पंजांत फळ धरून कुरतडत होतं. तांबूस-तपकिरी पाठ, पिवळसर पोट, अंगापेक्षा लांब शेपूट. फळ संपलं तशी त्याने झेप घेतली, थेट पायवाटेच्या पलीकडच्या ऐनाच्या झाडावर.

माझं म्हणणं त्या झेपेतच आहे. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. एका उडीत फार तर 6 मीटर जातं. पायवाटेवर उभं राहून मान वर केली, की दोन्हीकडच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. खालून माणूस जातो, वरून शेकरू जातं, कोणाचं कोणाला अडत नाही. तिथे समोरासमोर दोन जीपा जातील असा रस्ता काढा, वरचं छत फाटलंच. मग या बाजूचं शेकरू या बाजूला, त्या बाजूचं त्या बाजूला. 3 जून 2020 च्या 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर किती जुनी झाडं आडवी केली ते आम्ही पाहिलंय. वादळाने पाडलेली जागा निदान वेलींनी भरायला लागते. डांबरावर काय उगवणार?

आणि चालून काय दिसतं म्हणता? गारंबी दिसते. माणसाच्या मांडीएवढी जाड वेल, या झाडावरून त्या झाडावर पिळे घेत गेलेली, आणि तिला मीटरभर लांबीच्या शेंगा. पावसाळा तोंडावर आला की नवरंग पक्ष्याची शीळ ऐकू येते, पावसात वाटेवर नीलवंत फुलपाखरू आडवं येतं. रानकोंबडा पाचोळ्यात कसा उकरतो ते जीपमधून कळतच नाही.

पोटापाण्याचं बोलायचं तर चालणाऱ्या प्रत्येक पाच-सहा जणांमागे गावातला एक वाटाड्या लागतो. त्याला झाडाचं नाव माहीत असतं, गाणीची वाट माहीत असते. जीप घ्यायला लाखो रुपये लागतात. ते गावात कोणाकडे आहेत? बाहेरचा येईल, गाड्या लावेल, आणि दादांसारखी माणसं नाक्यावर पावत्या फाडत बसतील. हो, ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी काहीतरी हवं, माझ्या आईचे गुडघे गेलेत, मला ते कळतं. त्यासाठी प्रवेशनाक्याच्या जवळच सपाट, छोटी, बाकं असलेली वाट करा. पार गाणीपर्यंत गाडी नको.

गारंबीची एक बी माझ्या टेबलावर आहे. वाटेवरून उचलली नाही, काशिदच्या वाळूत सापडली. चपटी, चॉकलेटी, गुळगुळीत. अशा बिया पावसाळ्यात ओढ्यातून वाहत खाली येतात आणि समुद्रावर तरंगतात. ही नेमकी कुठल्या रानातली, कोण जाणे. ज्या मुलाने मला ती दिली त्याला वाटलं होतं, शिंपला आहे.