हिरवा त्रिकोण म्हणजे पोटातल्या बाळाला सेफ? नाही हो

शेतीच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्यात म्हटलंय की तणनाशक झाडांसाठी असतं, आपल्या अंगात ते लागूच होत नाही, मिठापेक्षा कमी विषारी आहे, डब्यावर निळा नाहीतर हिरवा त्रिकोण असला की गरोदर बाईने फवारलेल्या रानात काम केलं तरी बाळाला काही होत नाही, आणि उंदरांवरचे प्रयोग काय, अफाट डोसचे असतात. ती बाळाची ओळ वाचली आणि राहवलं नाही.

मिठाचं आधी. ग्लायफोसेट या तणनाशकापुरती ती तुलना खरी आहे, पण ती फक्त मरणाची तुलना आहे. किती डोसला निम्मे प्राणी मरतात, तो आकडा. त्रिकोणाचा रंग पण त्यावरूनच ठरतो, किलोला ५००० मिलिग्रॅमच्या वर हिरवा, ५०१ ते ५००० निळा. पोटातल्या पिल्लाचं काय झालं हे त्यात कोणी बघतच नाही.

आता नायट्रोफेन बघा. हे पण तणनाशकच, आपल्याकडे आता बंदी आहे. त्रिकोणाच्या हिशोबाने निळ्यात बसेल. गाभण उंदरीला साधारण नवव्या दिवशी १०० मिलिग्रॅमचा एकच डोस देतात, ती खाते पिते, धडधाकट दिसते. पण बऱ्याच पिल्लांच्या छाती-पोटामधल्या पडद्याला भोक राहतं, त्यातून लिव्हर आणि आतडी छातीत सरकतात, फुप्फुसं नीट वाढत नाहीत आणि जन्मल्यावर पिल्लाला श्वास घेता येत नाही. माणसाच्या काही बाळांमध्ये हाच दोष जन्मतः असतो, त्याच्या अभ्यासासाठी जगभरचे डॉक्टर हेच तणनाशक वापरून अशी पिल्लं तयार करतात.

"झाडांनाच लागू" हे पण अर्धवट. ग्लायफोसेट जे एन्झाइम अडवतं ते आपल्यात नाही, मान्य. पण कांद्यात मारतात ते ऑक्सिफ्लोरफेन ज्या एन्झाइमला अडवतं ते झाडाला हरितद्रव्यासाठी लागतं आणि आपल्याला रक्तातल्या हीमसाठी, म्हणजे रक्ताला लाल रंग देणाऱ्या घटकासाठी. आता अडवलं म्हणजे इजा झालीच असं नाही, डोस महत्त्वाचा, आणि उंदरात दिसलं ते माणसात होणारच असंही मी म्हणत नाही. फ्लुमिओक्झाझिन या त्याच जातीच्या तणनाशकाने उंदरांच्या पिल्लांच्या हृदयाच्या पडद्याला भोक पडलं, सशांच्या पिल्लांना नाही. पण "आपल्यात ती सिस्टिमच नाही" हे सरसकट सगळ्या तणनाशकांना लावणं चूकच.

डोस मोठा असतो, हो, मुद्दाम असतो. एका गटात २० च्या आसपास गाभण माद्या, त्यात हजारात एखादा येणारा दोष छोट्या डोसला दिसणारच नाही. म्हणून तीन डोस आणि एक बिनडोसाचा गट ठेवतात, जन्माच्या आदल्या दिवशी पिल्लं काढतात, त्यातल्या निम्म्यांचं मांस पारदर्शक करून हाडं लाल रंगवतात आणि एकेक बरगडी मोजतात. ज्या डोसला काहीच दिसत नाही तो धरून माणसासाठी साधारण १०० ने भागतात.

आणि "तोंडात थोडीच जातंय" म्हणणाऱ्यांसाठी डायनोसेब, हे पण तणनाशकच. सशांच्या कातडीवर लावलं तरी पिल्लांत जन्मदोष आले, १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने त्याची विक्री आणि वापर तातडीने थांबवला.

बाईच्या पोटात बाळाचे अवयव गर्भ राहिल्यापासून तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात बनतात. खुरपायला आलेल्या बाईला तेव्हा दिवस गेलेत हे बऱ्याचदा माहीतही नसतं. तो मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर निदान तेवढी बाळाची ओळ काढून पाठवा.