वजन काही नसतं? मग क्रॉफर्डची लढत नीट बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या तालमींच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: अमेरिकन बॉक्सर टेरेन्स क्रॉफर्ड दोन वजनगट ओलांडून वर गेला आणि त्याने आपल्याहून मोठ्या मेक्सिकन बॉक्सर कानेलो आल्वारेझला हरवलं. मेरी कोमनेही तेच केलं. आपल्या मातीतल्या कुस्तीत तर वजन कुणी बघतच नाही. सगळा खेळ जिगरीचा, तेव्हा पोरांनो, बिनधास्त वरच्या गटात उतरा.

निकाल खरा आहे. सप्टेंबर 2025 मध्ये लास वेगासला तिन्ही पंचांनी क्रॉफर्डला विजयी ठरवलं. पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे, आणि तो चौदा-पंधरा वर्षांची पोरं वाचतायत म्हणून मला राहवत नाही.

क्रॉफर्ड एका झेपेत वर गेलेला नाही. त्याचं पहिलं विश्वविजेतेपद 2014 चं, 61.2 किलोच्या गटातलं. पुढे 63.5, मग 66.7, 2024 मध्ये 69.9 आणि शेवटी 76.2. मधला 72.6 चा गट त्याने वगळला, एवढं खरं. पण कानेलोशी लढण्याआधी वर्षभराहून जास्त काळ तो रिंगणात उतरलाच नव्हता, म्हणजे अंग भरायला त्याला वेळ होता. वजन झालं तेव्हा दोघेही 76.2 किलोच्या मर्यादेतच होते, म्हणजे सत्तर किलोचा गडी शहात्तरच्या गड्यावर सोडलेला नव्हता. शिवाय दोघांची उंची जवळपास सारखी, हातांचा पल्ला उलट क्रॉफर्डचाच जास्त, आणि कानेलोही 69.9 च्या गटातूनच वर आलेला. हाडापेराने क्रॉफर्ड लहान नव्हताच.

मेसेजमध्ये ब्रिटिश बॉक्सर केल ब्रूकचं नाव नाही. 2016 मध्ये तोही असाच दोन गट ओलांडून वरच्या गटातल्या विश्वविजेत्या गोलोव्किनसमोर गेला. चांगला लढला, पण त्याच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं आणि पाचव्या फेरीत त्याच्याच माणसांनी हार मानून टॉवेल टाकला. त्याच वर्षी ब्रिटिश बॉक्सर आमिर खान खालच्या गटातून येऊन कानेलोला भिडला. सहाव्या फेरीत एकाच ठोशात आडवा झाला. आणि 2022 मध्ये खुद्द कानेलो 79.4 च्या गटात गेला, तर त्या गटातल्या विश्वविजेत्या बिवोलने त्याला गुणांवर हरवलं. या तिघांत जिगर नव्हती असं कुणी म्हणेल का?

मेरी कोमचं उदाहरण तर पार उलटं आहे. तिची 2012 पर्यंतची विश्वविजेतेपदं 45 ते 48 किलोच्या गटांतली. लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांना सर्वांत खालचा गटच 51 चा होता, म्हणून तिला वर जावं लागलं. तिथलं कांस्यपदक अनमोल आहे, पण उपांत्य फेरीत ती निकोला अ‍ॅडम्सकडून हरली.

राहिली माती. आनंदवाडीच्या किंवा यळ्ळूरच्या मैदानात बसलेल्या कुणालाही विचारा. काटा ठेवलेला नसेल, पण जोड लावताना जाणती माणसं दोन्ही पैलवानांना समोरासमोर उभं करतात, अंग बघतात, मागच्या कुस्त्या आठवतात. जोड विजोड वाटली तर ती लावतच नाहीत. वजन बघण्याचीच ही रीत आहे, फक्त नजरेने. आणि कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. बॉक्सिंगमध्ये डोक्यावर मार बसतो. ठोसा पायातून, कमरेतून येतो. त्यामागे जास्त अंग असलं की मेंदूला बसणारा हादराही वाढतो. मिठीत धरल्यावर जड माणूस मानेवर भार टाकत राहतो, त्याने पाय लवकर थकतात.

वरच्या गटात जाऊच नये, असं मी म्हणत नाही. बॉक्सर लवलिना बोर्गोहेनने टोकियो ऑलिंपिकमध्ये 69 किलोत कांस्य मिळवलं. पॅरिससाठी तो गट रद्द झाला, तेव्हा ती 75 मध्ये गेली आणि 2023 मध्ये त्या गटात विश्वविजेती झाली. वाढत्या वयाच्या पोराला पाणी तोडून, उपाशी ठेवून खालच्या गटात कोंबण्यापेक्षा वर नेणं केव्हाही बरं. पण आधी खुराक आणि व्यायामाने अंग भरू द्या, काही महिने त्याच वजनाच्या जोडीदारांशी सराव होऊ द्या, आणि मगच नव्या गटात नाव घाला. स्पर्धेच्या आठवड्यात पोराला वरच्या गटात ढकलायला निघालेल्या प्रशिक्षकाला आई-वडिलांनी तिथल्या तिथे नाही म्हणावं.