शंभर ऑक्टेन टाकलं म्हणून गाडी पळत नाही

गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय आणि नाशिकच्या ग्रुपांत तर तो दर आठवड्याला नव्याने उगवतो. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये ताकद जास्त असते, ते कुठल्याही गाडीत टाका, पिकअप वाढतोच. रिमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवलेल्या गाडीला साधं पेट्रोलही चालतं, कारण नॉक सेन्सर सगळं सांभाळतो. फारच वाटलं तर टाकीत पाच लिटर शंभरचं मिसळा. आणि खरे शौकीन असाल तर ओळखीने नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यातून विमानाचं पेट्रोल मिळवा.

शेवटचा सल्ला वाचून हसू येतं. रिमॅपवाला मात्र खिशाला भोक पाडणारा आहे, म्हणून हे सविस्तर.

"शंभरमध्ये ताकद जास्त." ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमध्ये ऊर्जा किती, हे सांगतच नाही. दाब आणि उष्णता वाढली तरी पेट्रोल आपोआप पेटायचं किती टाळतं, एवढंच तो सांगतो. या मोजपट्टीवर एन-हेप्टेन म्हणजे शून्य आणि आयसो-ऑक्टेन म्हणजे शंभर. दोन्ही जाळून किलोमागे मिळणारी उष्णता जवळपास सारखीच. इथेनॉलचा ऑक्टेन तर 108 च्या आसपास, पण लिटरमागची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश. आकडा म्हणजेच ताकद असती, तर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यावर मायलेज पडल्याची ओरड कशाला झाली असती?

स्पार्क पडला की ज्योत पसरत जाते. तिच्यापुढे कडेला उरलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं. ज्योत पोचायच्या आत ते एकदम पेटलं की सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा आपटतात आणि डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. हेच नॉकिंग. जास्त ऑक्टेन ते लांबवतं, त्यामुळे स्पार्क थोडा आधी टाकता येतो, टर्बोचा बूस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये कोंबलेल्या हवेचा दाब, चढवता येतो. ताकद येते ती त्या टायमिंगमधून आणि बूस्टमधून. या सवलतीचा फायदा घेणारा मॅप ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये नसेल, तर लिटरमागे मोजलेले जास्तीचे पैसे सायलेन्सरमधून बाहेर.

"कुठल्याही गाडीत टाका." बिनटर्बो 1.2 लिटरची घरगुती गाडी साध्या पेट्रोलवर चालावी म्हणूनच बनवलेली असते. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. हवा मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के विरळ, म्हणजे सिलिंडरमधला दाबही कमी आणि नॉकिंगची भीतीही कमी. बीएस-6 प्रदूषण नियमांत साध्या पेट्रोलला किमान 91 ऑक्टेन लागत होतं. आता ई20 मुळे ते 95 पर्यंत गेल्याचं पेट्रोलियम मंत्रालयानेच 2025 मध्ये सांगितलं. तेव्हा निव्वळ ऑक्टेनसाठी '95' वालं प्रीमियम भरण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. त्यातल्या इंजिन साफ ठेवणाऱ्या ॲडिटिव्हचे पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या, पण तो मुद्दा वेगळा.

एक गोष्ट मात्र मान्य. काही टर्बो गाड्यांचा ईसीयू उन्हाळ्यात स्वतःच टायमिंग मागे घेतो, म्हणजे स्पार्क उशिरा टाकतो. तिथे शंभरमुळे हरवलेलं थोडं परत मिळतं आणि चालवणाऱ्याला वाटतं गाडीत जान आली.

"रिमॅपला काहीही चालतं, सेन्सर आहे ना." हे सगळ्यात घातक. नॉक सेन्सर ब्लॉकवर बसून कंप ऐकतो. ऐकायला आधी नॉकिंग व्हावं लागतं! म्हणजे तो टाळणारा नव्हे, झाल्यावर सावध करणारा. 6000 आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला 50 वेळा पेटतो. ईसीयू काही फेऱ्यांत टायमिंग मागे घेतो हे खरं, पण टायमिंग मागे गेलं की एक्झॉस्टचं तापमान वाढतं. मग ते थंड ठेवायला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. स्टेज 1 साठी, म्हणजे पहिल्या पायरीच्या रिमॅपसाठी मोजलेले पैसे असे टर्बो तापवण्यात जातात. रिमॅपच्या काही स्वस्त फाइलींत तर सेन्सरची संवेदनशीलताच कमी करून ठेवलेली असते. डॅशबोर्ड गप्प, मालक खूश, पिस्टनच्या कडा झिजतायत.

खरी परीक्षा गंगापूर रोडवरच्या पहाटेच्या फेरीत होत नाही, ती कसारा घाटात होते. मे महिन्याची दुपार, चौघं जण, एसी चालू, पुढे ट्रक. ट्रकने वाट दिली आणि तुम्ही गिअर न उतरवता चौथ्यातच पाय दाबला. इंजिन 1800 आरपीएमवर, बूस्ट पूर्ण, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर आधीच तापलेला. टर्बोवाल्याला उंचीचा फायदाही नाही, उलट विरळ हवेत तोच बूस्ट गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं आणि हवा आणखी तापते. गाडीच्या ओबीडी (तपासणीच्या) सॉकेटला डोंगल लावून नोंद, म्हणजे लॉग घेतला तर इथे सिलिंडरनिहाय टायमिंग किती मागे गेलं ते दिसतं. पहाटे शून्याजवळ असणारी गाडी घाटात सतत उणे पाच, उणे सहा अंश दाखवत असेल, तर ती फाइल त्या पेट्रोलसाठी नाही. फाइल शंभरसाठी लिहिलेली असेल तर शंभरच टाका, नाहीतर ट्यूनरकडून साध्या पेट्रोलची फाइल चढवून घ्या. पैसे देण्याआधी "फाइल कुठल्या पेट्रोलसाठी?" हे विचारा. "सगळ्याला चालते" असं उत्तर आलं तर चहा प्या आणि निघा.

आणि घाटात गिअर उतरवा. फुकट आहे.

याच कमी आरपीएमवर थेट इंजेक्शनच्या टर्बोत स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकारही होतो. त्यावर ऑक्टेनपेक्षा योग्य ग्रेडचं ऑइल महत्त्वाचं. एपीआय एसपी या दर्जाची इंजिन ऑइल आली त्यामागे हेही एक कारण होतं.

"पाच लिटर मिसळा." साधा हिशेब करा. टाकीत 95 चं 30 लिटर, त्यात शंभरचं पाच. सरासरी साधारण 95.7. एवढ्यासाठी शंभर ऑक्टेनची फाइल चालवायची? ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांचीही तीच गत. "30 पॉइंट वाढवतो" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा एक पॉइंट म्हणजे 0.1 असतो. 30 पॉइंट म्हणजे तीन, तेही पूर्ण डोस टाकला तर.

राहिलं ओझर. एचएएलच्या कारखान्यात तयार झालेली सुखोई लढाऊ विमानं जेट इंजिनावर उडतात. त्यांचं इंधन रॉकेलच्या जातीचं, पेट्रोल इंजिनात टाकलं तर नॉकिंग वाढेलच. ऑक्टेनवालं विमानी पेट्रोल असतं ते छोट्या पिस्टन विमानांचं, आणि त्यातल्या 100 एलएल या प्रकारात शिसं असतं. भारतात गाड्यांच्या पेट्रोलमधून शिसं 2000 साली काढलं. ते पुन्हा टाकीत घातलं तर ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही मरतात, आणि पीयूसीच्या रांगेत त्याचं उत्तर द्यायला मेसेज पाठवणारा येत नाही.