मॅडम, आज बरं नाही का?

तुमच्या हाताखाली बायका काम करत असतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे तुम्हीच एखाद्या बाईच्या हाताखाली असाल, तर आधी थोडं जीवशास्त्र शिकून घ्या. फार नको, भांडणापुरतं. पाळीचं चक्र सरासरी 28 दिवसांचं, 21 ते 35 मध्ये कुठंही बसलं तरी नॉर्मल. आधी इस्ट्रोजेन चढतं, मग अंडं सुटतं, मग प्रोजेस्टेरॉन येतं आणि अंगाचं टेंपरेचर जरासं वाढवतं, गर्भ राहिला नाही की दोन्ही उतरतात आणि पाळी येते. एवढं पाठ झालं की सांगली-मिरजेतल्या कुठल्याही ऑफिसात तुम्ही एक्सपर्ट. समोरच्या बाईचा आज कितवा दिवस चाललाय हे माहीत असायची गरज नाही, बाई वाद घालायला लागली की तोच तो दिवस.

प्रॅक्टिकल बघा. एक पतसंस्था, नाव कशाला घ्यायचं. कॅशियर मॅडम व्हाउचरचा गठ्ठा घेऊन साहेबांच्या टेबलासमोर उभ्या. "साहेब, हे डिझेलचं व्हाउचर रविवारचं आहे, आणि रविवारी गाडी तर गॅरेजला होती. आणि हे चहा-भडंगाचं बिल, ही मीटिंग झालीच नव्हती." नवखा साहेब असता तर इथं घाम फुटला असता. आपले साहेब मुरलेले, त्यांनी पेनाला टोपण लावलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि काय मायेनं विचारलं, "मॅडम, आज बरं नाही का? घरी जावा हवं तर, मी बघतो हे." शिपाई गालातल्या गालात हसला, मॅडम रागानं लाल झाल्या, आणि लाल झाल्या म्हणजे हार्मोन्सच, अजून पुरावा काय पाहिजे? डिझेल राहिलं बाजूला, विषय झाला मॅडमच्या तब्येतीचा.

यात एकच पथ्य पाळायचं. बाकीच्या दिवसांत त्याच मॅडम तसलंच व्हाउचर निमूट पास करतात तेव्हा हार्मोन्सचं नाव काढायचं नाही, तेव्हा त्या समजूतदार. माझी एक मैत्रीण म्हणते, पाळीच्या आधी मला काही वेगळं दिसत नाही गं, रोजचंच दिसतं, फक्त गिळवत नाही. असल्या बायकांपासून लांब राहा.

आता कुणीतरी शिकलेली येणार आणि तोंडावर अभ्यास फेकणार, त्याची तयारी ठेवा. लीटा हॉलिंगवर्थ म्हणून अमेरिकेतल्या एक बाई, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात पीएचडीसाठी बायकांच्या रोजच्या रोज टेस्ट घेतल्या, हाताचा वेग, रंगांची नावं सांगायचा वेग असलं सगळं, आणि पाळीच्या दिवसांत डोकं मंद होतं असं काही त्यांना सापडलं नाही. हे 1914 सालचं. 2025 मध्ये तर शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले, लक्ष, स्मरणशक्ती, सगळं, तरी चक्राप्रमाणं बुद्धी वरखाली होते याचा ठोस पुरावा मिळाला नाही. मूड बदलतो, दुखतं, झोप मोडते, पण काम तेवढंच होतं म्हणे. तुम्ही असल्या नव्याजुन्या भानगडीत पडू नका, सरळ 1970 चे अमेरिकेतले डॉ. एडगर बर्मन धरा. बायकांच्या हार्मोन्सच्या वादळामुळं त्यांना मोठ्या पदावर बसवणं धोक्याचं, असं ते म्हणाले होते. डॉक्टर माणूस, ठासून सांगा. त्यानंतर गदारोळ होऊन त्यांना डेमोक्रॅटिक पक्षाची कमिटी सोडावी लागली, हे सांगायची गरज नाही.

पुरुषांचे हार्मोन्स हा विषय तर काढूच नका. टेस्टोस्टेरॉन सकाळी वर असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं, तेही महिन्यातनं एकदा नाही, रोज. 2008 मध्ये लंडनच्या ट्रेडर लोकांवरचा अभ्यास आला होता, सकाळी ज्या दिवशी टेस्टोस्टेरॉन जास्त त्या दिवशी त्यांची कमाईपण जास्त. म्हणजे करोडोंचे सौदे हार्मोन्सच्या तालावर चाललेत की काय अशी शंका यावी! पण मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला ओरडणाऱ्या व्यापाऱ्याला कुणी विचारलंय का, शेठ, आज बरं नाही का? त्याला आपण धाडस म्हणतो.

बरं, आपल्या भागातल्या माणसाला हार्मोन्स कळत नाहीत असं तर अजिबात नाही. तासगावच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला विचारा, छाटणीनंतर कितव्या दिवशी जीए द्यायचं, किती पीपीएमचं द्यायचं, डिपिंग सकाळी करायचं का उन्हं उतरल्यावर, सगळं तोंडपाठ, डायरीत लिहिलेलं. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वेलीचं हार्मोनच की ते. एक दिवस मागंपुढं झाला तर मालकाला रात्रभर झोप नाही. आणि त्याच बागेत हात वर करून एकेक घड औषधात बुडवत दिवसभर फिरणाऱ्या बायका, त्यांतल्या कुणाच्या पोटात कळ मारतेय, लांबलांबपर्यंत आडोसा नाही तर ती कापड कुठं बदलणार, हे कुठल्या डायरीत असणार?

ही गोष्ट नीट लक्षात घ्या, नाहीतर उगाच नको तिथं सहानुभूती दाखवून बसाल. हार्मोन्स फक्त खुर्चीवरच्या बाईला असतात. शाखाधिकारी व्हायला निघाली की असतात, सरपंचपदी बसून प्रश्न विचारायला लागली की असतात. मोळी उचलणाऱ्या बाईला नसतात. दिवाळीच्या आसपास बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, खाडा झाला की दंड. तिथं पाळी परवडत नाही, म्हणून मग पिशवीच काढून टाकायची. 2019 मध्ये याचा बोभाटा झाला, सरकारी समितीनं 82 हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यात 13 हजारांवर जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कारखान्याच्या गव्हाणीपाशी उभं राहून "ताई, आज बरं नाही का" असं कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, आणि तुम्हीपण विचारू नका, विनाकारण गाळप थांबायचं.

आता खरंच त्रास असलेल्या बायका. असतात, नाही असं नाही. गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्यानं पिशवी आवळते आणि काही जणींना उभं राहवत नाही. काहींना पीएमडीडी असतो, म्हणजे पाळीच्या आधी मन पार कोलमडायचा आजार, 2013 पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत त्याला स्वतंत्र जागा आहे, आणि गंमत म्हणजे त्यांच्या हार्मोन्सची पातळी चारचौघींसारखीच असते, मेंदूच त्या चढउताराला जास्त सेन्सिटिव्ह. यांना डॉक्टर पाहिजे, उपचार पाहिजेत. पण तुम्ही सगळ्या वर्षाचे टोमणे व्हाउचरवाल्या मॅडमवर खर्च केलेले असल्यामुळं या बायका तुमच्याकडं येतच नाहीत, पोटाला हात लावून "ॲसिडिटी झालीय" म्हणतात आणि गोळी घेऊन परत कॉम्प्युटरवर बसतात. तुमची तेवढीच कटकट वाचली. लेडीज टॉयलेटची किल्ली शिपायाच्या खिशात आहे ना, ती तशीच राहू द्या.

राहता राहिला सुट्टीचा विषय. बिहार सरकार 1992 पासून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवस देतंय, पण बिहार लांब आहे, ते कुणाच्या लक्षात येत नाही. अडचण कर्नाटकाची आहे. त्यांनी 2025 मध्ये महिन्याला एक पगारी दिवस द्यायचं ठरवलं, आणि मिरजेच्या पुढं म्हैसाळ सोडलं की कागवाड, झालं कर्नाटक सुरू. नोटीस बोर्डावर कुणी ती बातमी लावली तर पहिली काढून टाका, आणि कुणी तोंडावर विचारलंच तर सांगा की तिकडच्या बायकांची पाळी वेगळी असते, ती कन्नडमध्ये येते.