मुंबई-दुबई दीड तासात? तसं नाही भावांनो
कालपासून आपल्या कोल्हापूरच्या ग्रुपांवर फिरतंय की मुंबईहून दुबई आता दीड तासात, खाली तिकिटाचा फोटो, सकाळी 10 ला सुटणार 11.30 ला पोचणार. मीपण दोघांना पाठवला, चुकलंच माझं. तिकिटावर वेळ त्या त्या गावची असते आणि दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं, म्हणजे तिथं 11.30 तेव्हा इथं दुपारचा 1, झाले की तीन तास. अंतर सरळ रेषेत साधारण 1930 किलोमीटर, विमान ताशी 800-900 नं जातंय, दीड तासात कुठनं पोचणार? येतानाचं तिकीट बघा, तेच उलटं साधारण साडेचार तास दिसतंय. (आपली मुंबई गाठण्यातच रात्र जाते ते वेगळंच.) तेवढा मेसेज पुढं ढकलू नका, पाठवला असंल तर त्यांना हे सांगा.