युनिफाइड पेन्शन म्हणजे जुनी पेन्शन नव्हे

‘युपीएस (युनिफाइड पेन्शन स्कीम) म्हणजे नाव बदललेली जुनी पेन्शनच आहे, निम्म्या पगाराएवढी पेन्शन, त्यावर महागाई, सरकारचे साडेअठरा टक्के आणि वर एकरकमी पैसे, मग तक्रार कशाची?’ अशा आशयाचा संदेश कर्मचाऱ्यांच्या गटांत सतत फिरत असतो. पगारबिले आणि सेवापुस्तके हाताळण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि हा संदेश खरा मानून एनपीएस (बाजारातील गुंतवणुकीवर अवलंबून असलेली राष्ट्रीय पेन्शन योजना) सोडून युपीएस निवडण्याच्या पर्याय अर्जावर सही करायला निघालेले सहकारी मी पाहिले आहेत. म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते. 24 जानेवारी 2025 च्या अधिसूचनेनुसार 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेली केंद्राची योजना येथे गृहीत धरली आहे.

पहिले विधान निम्म्या पगाराचे. शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या 50 टक्के रक्कम मिळते हे खरे, परंतु त्यासाठी 25 वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी मोजली जाणारी) सेवा लागते. केंद्राच्या जुन्या पेन्शनला सहाव्या वेतन आयोगानंतर पूर्ण निवृत्तिवेतनासाठी 33 वर्षांची अट राहिली नाही आणि 10 वर्षे सेवा झालेल्यालाही निम्म्या वेतनाचा हिशेब लागतो. युपीएसमध्ये 10 ते 25 वर्षांच्या सेवेला प्रमाणशीर कपात आहे. वयाच्या चाळिशीत नोकरीला लागून 20 वर्षे सेवा केलेल्या आणि 60,000 रुपये मूळ वेतनावर निवृत्त होणाऱ्या माणसाला जुन्या नियमाने 30,000 रुपये बसतात, युपीएसने 24,000. उशिरा नोकरी मिळालेल्यांचा, म्हणजे वयात सवलत घेऊन भरती झालेल्या मागासवर्गीय उमेदवारांचा आणि माजी सैनिकांचा, या अटीने सर्वांत जास्त तोटा होतो.

ही 50 टक्क्यांची हमीसुद्धा बिनशर्त नाही. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या खात्यासाठी एक बेंचमार्क निधी ठरवला जातो. सर्व वर्गण्या वेळेवर जमा झाल्या असत्या, ठरलेल्या पद्धतीने गुंतवल्या असत्या आणि मध्ये काहीच काढले नसते, तर खात्यात किती रक्कम असती, तो हा आकडा. प्रत्यक्ष शिल्लक त्याहून कमी भरली आणि फरक भरून काढला नाही, तर मासिक रक्कम त्या प्रमाणात घटते. मुलीच्या लग्नाला किंवा घराला मध्येच अंशतः रक्कम काढलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

साडेअठरा टक्क्यांचे विधान सर्वांत दिशाभूल करणारे आहे. सरकारच्या हिश्शापैकी केवळ 10 टक्के तुमच्या खात्यात जातात, उरलेले 8.5 टक्के सामायिक निधीत जातात आणि त्यावर तुमचा व्यक्तिगत हक्क नाही. एनपीएसमध्ये सरकारचे पूर्ण 14 टक्के तुमच्या खात्यात जमा होतात. शिवाय मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या 10 टक्के कपात तुमच्याही पगारातून होतच राहते. मूळ 60,000 आणि भत्ता 50 टक्के धरला, तर दरमहा 9,000 रुपये. जुन्या पेन्शनसाठी पगारातून एक पैसाही कापला जात नसे. भविष्य निर्वाह निधीची कपात व्हायची, पण ती व्याजासह कर्मचाऱ्याच्याच हाती परत यायची. येथे पूर्ण पेन्शन घ्यायची तर तुमच्या खात्यातील बेंचमार्कपर्यंतची सारी रक्कम सामायिक निधीत वळती होते. त्यावरचे काही उरले तरच ते तुमचे.

एकरकमी पैशाचेही तसेच. प्रत्येक पूर्ण सहा महिन्यांच्या सेवेला मासिक वेतन व महागाई भत्त्याचा दहावा भाग, म्हणजे 25 वर्षांना पाच महिन्यांचे वेतन, आणि याने पेन्शन कमी होत नाही, हे चांगले आहे. वरील उदाहरणातील पगारावर ती रक्कम साडेचार लाख होते. परंतु ‘खात्यातले 60 टक्केही काढता येतात’ असे सांगणारे पुढचे सांगत नाहीत: तेवढे काढले की 30,000 ची पेन्शन 12,000 वर येते आणि तेथेच राहते. जुन्या पेन्शनमध्ये 40 टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण (पेन्शनचा भाग विकून एकरकमी पैसे घेणे) करता येते आणि विकलेला भाग 15 वर्षांनी पूर्ववत होतो.

स्वेच्छानिवृत्तीबद्दल संदेश काहीच बोलत नाही, आणि मला सर्वाधिक काळजी याचीच वाटते. जुन्या नियमांनुसार 20 वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती घेतली की दुसऱ्याच दिवसापासून निवृत्तिवेतन सुरू होते. युपीएसमध्ये आधी 25 वर्षांची अट होती. सप्टेंबर 2025 च्या नियमांनी 20 वर्षांनंतरही प्रमाणशीर रक्कम मान्य केली, पण पूर्ण रकमेला 25 वर्षे लागतातच, वर मासिक रक्कम सुरू होते ती नियत वयोमानाच्या (निवृत्तीच्या ठरलेल्या वयाच्या) तारखेपासून. 24 व्या वर्षी, 2006 मध्ये लागलेली एखादी बाई 2031 मध्ये, 49 व्या वर्षी, सासूच्या आजारपणामुळे नोकरी सोडेल, तर पुढची 11 वर्षे तिच्या बँकखात्यात पेन्शन म्हणून काहीही येणार नाही. घरातल्या आजाऱ्याची सेवा करायला नोकरी सोडतात त्या बहुतेक बायकाच, म्हणून या कलमाला मी तांत्रिक बाब म्हणू शकत नाही.

कुटुंबाच्या बाबतीत, निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास जोडीदाराला 60 टक्के मिळतात. 25 वर्षांच्या सेवेला ही रक्कम जुन्या 30 टक्के कुटुंब निवृत्तिवेतनाएवढीच होते, हे मान्य केले पाहिजे. पण येथे हक्क निवृत्तीच्या दिवशी असलेल्या जोडीदारापुरताच आहे. जुन्या नियमांत अपंग अपत्याला आयुष्यभर आधार आहे. ज्यांच्या घरी असे लेकरू आहे, त्यांना दोन्ही योजना सारख्या आहेत असे सांगणे अन्यायाचे आहे. ऐंशीनंतरची वाढीव पेन्शनही युपीएसमध्ये नाही.

या योजनेच्या बाजूचेही सांगतो. किमान 10,000 रुपये हे जुन्या किमान 9,000 पेक्षा अधिक आहेत. सेवेत असताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला जुन्या नियमांचा लाभ निवडता येतो, ग्रॅच्युइटी मिळते, आणि बाजाराची जोखीम एनपीएसपेक्षा निश्चितच कमी आहे. एनपीएसच्या तुलनेत अनेकांना ती लाभाची ठरेल. तुलना एनपीएसशी करा, माझी हरकत नाही. जुन्या पेन्शनचे नाव मात्र तिला देऊ नका.

महाराष्ट्रातील राज्य कर्मचाऱ्यांनी आणखी एक भेद लक्षात ठेवावा. मार्च 2023 च्या संपानंतर राज्याने 1 मार्च 2024 रोजी आपली सुधारित योजना जाहीर केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युपीएसही स्वीकारली. केंद्राच्या अधिसूचनेतील कलमे राज्याला आपोआप लागू होत नाहीत. राज्य कर्मचाऱ्याने शासन निर्णयच हातात घ्यावा. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीच्या जाहिरातीवर निवड होऊन नंतर रुजू झालेल्यांना जानेवारी 2024 च्या निर्णयाने खरी जुनी पेन्शन निवडता आली, आणि ती राज्याच्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांची होती, युपीएस नव्हती.

केंद्रात नव्याने रुजू होणाऱ्याला पर्याय देण्यासाठी 30 दिवस मिळतात. त्या 30 दिवसांत त्याने फॉरवर्ड आलेला संदेश बाजूला ठेवून नियत वयोमानापर्यंत आपली सेवा किती वर्षे भरते, एवढे आधी आस्थापना शाखेत जाऊन मोजून घ्यावे.