प्रश्न विचारून बाणी शिकवता येते का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

वीरजी, सत श्री अकाल.

आमच्या नांदेडच्या मोहल्ल्यात मुलांसाठी जी गुरमत (शीख गुरूंच्या शिकवणीची) प्रश्नमंजुषा होते, तिच्याबद्दल मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. दोन ओळींत आभार मानून बाजूला ठेवावी अशी ती नाही, म्हणून स्वतंत्र उत्तर लिहिते आहे. इथे मराठी वाचकही बरेच येतात, तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेल्या काही गोष्टी मी उलगडून सांगेन, ते चालवून घ्या.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं. ग्रंथसाहिबाचे अंग (पानं) किती, राग किती, पंज प्यारे (खालसा पंथातले पहिले पाच) कोण, दशमेश म्हणजे दहावे गुरू गोविंदसिंघजी यांच्या घोड्याचं नाव काय, असले प्रश्न घालणं म्हणजे गुरबाणीचं, ग्रंथसाहिबातल्या रचनांचं, सामान्यज्ञान करून टाकणं. मुलं ढालीसाठी घोकतात आणि आठवड्यात विसरतात. पहिला-दुसरा नंबर काढला की हउमै, म्हणजे ‘मी’पणा, वाढते. जो रोग घालवायला बाणी आहे, तोच आपण बाणीच्या नावाने मुलांना लावतो. वर बाणीच्या ओळी चार पर्यायांत छापायच्या आणि कार्यक्रम संपल्यावर ते कागद पायदळी जायचे. शेवटी तुम्ही ‘आसा की वार’ या ग्रंथसाहिबातल्या दीर्घ रचनेमधली गुरू नानकदेवजींची ओळ दिलीत: ‘पड़ि पड़ि गडी लदीअहि’. गाड्या भरतील एवढं वाचलंत तरी हिशेबात एकच गोष्ट धरली जाते, बाकी सगळी अहंकाराची बडबड.

ओळ योग्य जागी दिलीत. ती अंग ४६७ वर आहे. त्याच वारेत एक अंग मागे, ४६६ वर, गुरू अंगददेवजींचा श्लोक आहे: ‘हउमै दीरघ रोगु है दारू भी इसु माहि’. रोग जुनाट आहे, पण त्याचं औषधही त्याच्यातच आहे. ते औषध लगेच पुढच्या ओळीत येतं: कृपा झाली तर माणूस गुरूचा शबद (बाणीतला शब्द, पद) ‘कमावतो’, म्हणजे तो जगण्यात आणतो. रोज पहाटे गुरुद्वारात ही वार गायली जाते आणि या दोन्ही ओळी एकाच बैठकीत कानावर पडतात. म्हणून मला दोन्ही एकत्र धराव्याशा वाटतात. जिंकायची ओढ मुलांमध्ये आम्ही पेरत नाही. ती शाळेतून, क्रिकेटच्या मैदानातून घेऊनच मुलं येतात. त्या ओढीने मूल शबदापर्यंत आलं, तर तिथे त्याला थांबवून ठेवायचं की ढाल हातात देऊन घरी पाठवायचं, हे मात्र आपल्या हातात आहे. दुसरी गोष्ट जिथे होते, तिथे तुमचा राग रास्त आहे आणि मी तुमच्या बाजूने आहे.

आता प्रश्नांकडे येते, कारण सगळं तिथेच ठरतं.

‘अंग किती?’ हा प्रश्न तुम्हाला पोकळ वाटतो. उत्तर ‘१४३०’ एवढंच घेऊन पुढे गेलं तर तो पोकळच आहे. पण त्याच्या मागोमाग विचारा, की आज छापल्या जाणाऱ्या प्रत्येक सरूपात, म्हणजे ग्रंथसाहिबाच्या प्रतीत, अंग १४३०च का, आणि त्याचा उपयोग काय. नांदेडच्या मुलीने अंग ९७२ उघडलं आणि कॅनडातल्या तिच्या मावसभावाने ९७२ उघडलं, तर दोघांसमोर तोच शबद येतो. हे कळलं की मुलं फोनवर एकमेकांना अंग सांगून शबद शोधायला लागतात. हे मी पाहिलं आहे. आकडा तिथे हाताशी आलेला पत्ता होतो.

किंवा हा प्रश्न घ्या: ग्रंथसाहिबात ज्यांची बाणी आहे ते सगळे गुरू नाव ‘नानक’ असंच घालतात, मग कोणती बाणी कोणाची हे ओळखायचं कसं? उत्तर आहे ‘महला’. महला १ म्हणजे गुरू नानकदेवजी, महला ५ म्हणजे गुरू अर्जनदेवजी, महला ९ म्हणजे गुरू तेगबहादूरजी. दहा वर्षांचं मूल हे उत्तर पाठ करू शकतं. पण त्यानंतर पाचव्या गुरूंनी स्वतःचं नाव का घातलं नाही असं विचारलं, की मूल गप्प होतं, विचार करतं आणि मग आपल्या शब्दांत ‘एकच ज्योत’, म्हणजे सगळ्या गुरूंत तोच प्रकाश, याचा अर्थ सांगायचा प्रयत्न करतं. गुरुद्वारातल्या कथेत (निरूपणात) अर्धा तास ऐकूनही जे डोक्यावरून जातं, ते इथे त्याच्याच तोंडून बाहेर येतं. हउमैबद्दल तुम्ही लिहिलंत. गुरूंनी आपलं नाव मागे ठेवलं, याहून मोठा धडा हउमैवर कोणता द्यायचा?

पंज प्याऱ्यांची नावं तर सगळ्यांना पाठ असतात. म्हणून आम्ही नकाशा देतो. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला जे पाच जण उठले, ते परंपरेनुसार लाहोर, हस्तिनापूर, जगन्नाथपुरी, द्वारका आणि बीदरचे. खत्री, जाट, पाणी वाहणारा झीवर, कापड छापणारा छिंबा आणि न्हावी. मुलं नकाशावर पाच टिंबं लावतात आणि बीदर आपल्या किती जवळ आहे हे पाहून चकित होतात. भाई साहिबसिंघजी आपल्या शेजारचे होते हे कळल्यावर ते नाव पुन्हा घोकावं लागत नाही. घोड्याचं नाव मात्र आम्ही विचारत नाही. त्या उत्तरातून पुढे कुठलीच वाट निघत नाही.

तुमच्या आक्षेपामागे एक मोठा प्रश्न दडलेला आहे असं मला वाटतं: धर्म प्रश्नोत्तरांतून शिकवायचा असतो का? संगत, कीर्तन, सेवा, संथिया हीच आपली रीत. (संथिया म्हणजे जाणत्या माणसासमोर बसून बाणीचं शुद्ध उच्चारण शिकणं.) ही रीत मला प्राणासारखी आहे. पण सवाल-जवाबही आपल्याच घरचा आहे. राग रामकलीत गुरू नानकदेवजींची ‘सिध गोसटि’ आहे, ७३ पउडींची (कडव्यांची). सिद्ध योगी विचारतात आणि गुरू उत्तर देतात. प्रश्न साधेसुधे नाहीत, काही तर अडवण्यासाठीच विचारलेले. एक प्रश्न सरळ अंगावर येतो: ‘तेरा कवणु गुरू जिस का तू चेला’. तुझा गुरू कोण, तू कोणाचा चेला? उत्तर येतं: ‘सबदु गुरू सुरति धुनि चेला’. शबद हा गुरू, आणि त्या धुनीत लागलेलं ध्यान हा चेला.

नांदेडच्या मुलांना मी हा प्रश्न मुद्दाम विचारते. ऑक्टोबर १७०८ मध्ये गोदावरीकाठी काय झालं हे आमच्याकडे पाच वर्षांचं पोरही सांगतं: दशमेश गुरूंनी गुरगद्दी, म्हणजे गुरूची जागा, ग्रंथसाहिबाला दिली. ते पाठांतर आहे, कबूल. पण ‘देह नसलेला गुरू कसा असू शकतो?’ असं वर्गातल्या मित्राने विचारलं तर काय सांगशील, असं म्हटल्यावर मूल अडतं. तेव्हा ही दीडशे-दोनशे वर्षं आधीची ओळ त्याच्यासमोर ठेवायची. नांदेडला जे घडलं त्याची मुळं गुरू नानकदेवजींच्या उत्तरात आहेत, हे त्याला स्वतःला दिसतं. आमची मुलं मराठी किंवा इंग्रजी शाळेत जातात, मित्र असे प्रश्न खरोखर विचारतात, आणि उत्तर नसलं की ती पगडीबद्दल, केसांबद्दल, सगळ्याबद्दलच बोलायचं टाळू लागतात. मला भीती त्या गप्प बसण्याची आहे.

आणि नामदेव. इथे मराठी वाचकांनाही सोबत घेते. ग्रंथसाहिबात भगत नामदेवजींचे ६१ शबद आहेत. पंढरपूरचे नामदेव पंजाबात घुमानला राहिले, तिथे त्यांचं स्थान आहे, २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं, हे सगळं सांगून होतं. पण आमच्या मोहल्ल्यात मराठी शेजाऱ्यांची मुलंही संघात असतात, आणि ती खुलतात ती अंग ९७२ वरच्या शबदाला: ‘आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले’. कागद आणला, पतंग कापला, आकाशात उडवला; मुलगा सोबत्यांशी गप्पा मारतोय, पण चित्त दोरीवर. या ओळीला मराठी मुलाला अर्थ सांगावा लागत नाही. पुढे पाण्याला गेलेल्या मुली हसतखिदळत चालतात पण चित्त घागरीवर, पाच कोसांवर चरणाऱ्या गाईचं चित्त वासरावर, आणि कामात बुडालेल्या आईचं चित्त पाळण्यातल्या बाळावर. हे सगळं नामदेव आपले मित्र भगत त्रिलोचन यांना सांगताहेत.

इथे आमचा आवडता प्रश्न येतो: नामदेव आणि त्रिलोचन यांचं बोलणं ग्रंथसाहिबात आणखी कुठे आहे? उत्तर कबीरजींच्या श्लोकांत, २१२ आणि २१३. त्रिलोचन विचारतात, नाम्या, मायेत गुंतून कापडं काय छापत बसलास, रामात चित्त का लावत नाहीस? नामदेव म्हणतात, मुखाने राम सांभाळ, हातापायांनी सगळं काम कर, चित्त निरंजनाजवळ ठेव. वीरजी, त्रिलोचनांचा प्रश्न तुमच्या प्रश्नापासून फार लांब नाही. खेळात, चढाओढीत, घंटेच्या आवाजात बाणी कशी राहील, असंच तुम्ही विचारता आहात. पतंगाची दोरी हातात राहील एवढं बघणं हे आमचं काम, आणि ते होतं की नाही यावर तुमच्यासारख्यांनी लक्ष ठेवायलाच हवं.

एका बाबतीत मी तुमच्याहूनही कडक आहे. जिथे परंपरेतच दोन मतं आहेत, तिथे चार पर्याय देऊन एकावर खूण करायला लावणं हा मुलांवर अन्याय आहे. गुरू नानकदेवजींचा जन्म १४६९ चा. प्रकाशपर्व आपण कार्तिकी पौर्णिमेला करतो, पण पुरातन जनमसाखी (त्यांची जुनी चरित्रकथा) वैशाख सांगते. हा प्रश्न गुणांसाठी नसावा, चर्चेसाठी असावा. तसंच ‘तख्त (शीख पंथाची सर्वोच्च पीठं) किती?’ मुलं पाच म्हणतात आणि बरोबर म्हणतात. पण शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने दमदमा साहिबला तख्त म्हणून मान्यता दिली ती १९६६ साली, त्यामुळे संघातले आजोबा लहानपणी चारच तख्तांची नावं घ्यायचे. आजोबा आणि नात यांची दोन उत्तरं, आणि आपापल्या काळात दोन्ही बरोबर. इतिहास घडत आला आहे हे मुलांना असं कळतं, तारखांच्या कोष्टकातून कळत नाही.

बक्षिसांबद्दल. पंजाबात शिरोमणी समितीची धर्मप्रचार समिती शाळकरी मुलांची धार्मिक परीक्षा घेते, शिष्यवृत्ती देते. उत्तर अमेरिकेतल्या गुरुद्वारांत वयोगटानुसार एक पुस्तक वाचायला देऊन मुलांना त्यावर भाषण करायला लावतात. मोठ्या पसाऱ्यात गुण आणि क्रमांक टाळणं अवघड असतं हे मी समजू शकते. मोहल्ल्यात ते टाळता येतं. आमच्याकडे एकट्याने कोणी उतरत नाही. संघात एक लहान, एक मोठं मूल आणि घरातलं एक वडीलधारं माणूस असतं. शेवटची फेरी ‘रहाउ’ची: शबद कीर्तनात गायला जातो, आणि त्यातली रहाउची ओळ, म्हणजे जिच्याभोवती सगळा शबद फिरतो ती ओळ, संघाने ओळखायची आणि तीच का हे सांगायचं. या फेरीला गुणच नाहीत. संध्याकाळी सगळे संघ मिळून लंगरची भांडी घासतात, जिंकलेले आणि हरलेले शेजारी शेजारी बसून. हउमै यानेही पूर्ण जात नाही. ती मोठ्यांचीही जात नाही.

घोकलेलं विसरतं, हेही खरं. म्हणून प्रश्नमंजुषेनंतरचा रविवार मला प्रश्नमंजुषेपेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी संथियेला कोण येतं यावरून आमची मेहनत कामी आली की नाही ते ठरतं. येणारी मुलं थोडी असतात. पण ती गुरमुखी अक्षरं शिकायला येतात, आणि त्यांतली बरीच आधी गुरुद्वारात फक्त कडाहप्रसादासाठी यायची.

कागदांचा तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. बाणीची ओळ असलेला एकही कागद मुलांच्या हाती दिला जाऊ नये. ओळ पाठ करणाऱ्या पाठीजींनी म्हणावी किंवा रागीने (कीर्तनकाराने) गावी, मुलांनी डोकं झाकून ऐकावी, आणि प्रश्नपत्रिकेवर फक्त अंग आणि महला असावा. आम्ही असंच करतो, आणि दुसऱ्या गावचे लोक विचारतात तेव्हा पहिली सूचना हीच देतो. आयोजकांकडची टाचणं कार्यक्रम संपताच गोळा होऊन रुमाल्यात बांधली जातात आणि जुन्या गुटक्यांसोबत (बाणीच्या छोट्या पोथ्यांसोबत) अगनभेटीसाठी, म्हणजे आदराने अग्नीला देण्यासाठी, गुरुद्वारात सुपूर्द होतात.

आता एक विनंती. ‘आसा की वार’ तुमच्या जिभेवर आहे हे प्रतिक्रियेतूनच दिसतं. येत्या वर्षी त्या वारेवरचे प्रश्न तुम्ही काढा. मुलं दहा ते पंधरा वयाची, गुरमुखी अर्धवट येणारी, मराठी उत्तम. एका शब्दात उत्तर संपेल असा प्रश्न नको, आणि प्रत्येक प्रश्नाला जोडून एक ‘का’ हवा. अंग आणि महला शेजारी लिहून पाठवा, म्हणजे आमचे ग्रंथीजी पडताळून घेतील. ‘पड़ि पड़ि गडी लदीअहि’वरचा प्रश्न मात्र तुम्हीच येऊन विचारा. त्या ओळीबद्दल मुलांशी बोलायला तुमच्याहून योग्य माणूस मला सुचत नाही.